आईच्या मैत्रिणीच्या पुतण्याची सासू

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मला नेदरलँड्समधल्या एका प्रयोगशाळेत तीन महिन्यांचं प्रशिक्षण मिळालं. मातीतले जिवाणू हा माझा विषय. राहण्याखाण्याचा खर्चही तेच करणार होते. विभागप्रमुखांच्या सहीसाठी मी त्यांच्या केबिनबाहेर इतकी बसले, की शेवटी तिथला शिपाई मलाच विचारायला लागला, "सर अंदर हैं क्या?" पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या हवालदारानं शेजाऱ्यांकडे माझी इतकी बारकाईनं माहिती काढली, की माझं लग्न ठरून राहिलं असं सगळ्या मोहल्ल्याला वाटलं. व्हिसाचे कागदही कसेबसे जमले. हे सगळे अडथळे ओलांडून मी घरी आले, तर सगळ्यात मोठा अडथळा सोफ्यावर बसून पोहे खात होता.

"तिथं आपल्या ओळखीचं कोण हाय?" बाबांनी विचारलं.

बाबा रेल्वेच्या ऑफिसात. आजोबांनी भंडारा सोडून रायपूर गाठलं, त्यानंतर आमच्या घराण्यात कोणी ओळखीपाळखीशिवाय कुठं गेलंच नाही. बाबांच्या हिशेबात जगात दोनच प्रकारची गावं होती. आपलं कोणी असलेली, आणि जाण्याजोगी नसलेली.

"बाबा, तिथं प्रोफेसर आहेत ना."

"पोट्टी आजारी पडली तर प्रोफेसर खिचडी करून देईन का?"

उत्तर स्वयंपाकघरातून आलं.

"आहे ना ओळखीचं," आई म्हणाली. "माझ्या नागपूरच्या मैत्रिणीच्या पुतण्याची सासू. तिच्याच घरी राहणार आहे ही."

मी आईकडे पाहिलं. ती कढईकडे पाहत होती. खरं एवढंच होतं, की प्रयोगशाळेनं माझ्यासाठी एका म्हाताऱ्या बाईंच्या घरातली वरची खोली ठरवली होती. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. नागपूर हा शब्द त्यांनी आयुष्यात ऐकला नसावा.

"पुतण्यानं तिकडची बायको केली?"

"हव. कंप्युटरमध्ये आहे तो."

"मले कधी सांगितलं नाही तू."

"तुम्ही ऐकता कधी?"

संसारात या वाक्यापुढे उलटतपासणी चालत नाही. बाबांनी प्लेट खाली ठेवली. "मंग रविवारी फोन लाव. विहीणबाईसोबत मीच बोलतो."

मी घाबरतच घरमालकीण बाईंना व्हिडिओ कॉल करून इंग्रजीत सगळं सांगितलं. त्या आधी खूप हसल्या, मग एकदम शिक्षिका झाल्या. म्हणाल्या, "मी कोणाची सासू आहे, हे खोटं मी बोलणार नाही. पण तुझी काळजी घेईन, हे खरं आहे. तेवढं तुझ्या भाषेत म्हणायला शिकव."

'काळजी'तला 'ळ' त्यांना काही केल्या जमेना. म्हणून मी 'ळ' नसलेलं वाक्य शोधलं. ते त्या भाजी चिरता चिरता घोकत बसल्या.

रविवारी मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसले. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या बाई आल्या, हात जोडले आणि ठणकावून म्हणाल्या, "नमस्कार! काहून घाबरता? मी आहो ना!"

बाबा आईकडे वळले. "अवं, हे तर आपल्याकडलंच बोलते!"

इथंच फोन ठेवला असता तर बरं झालं असतं. पण बाबांनी ऑफिसातलं इंग्रजी बाहेर काढून विचारलं, जावई काय करतात? मला मध्ये पडता येईना. बाईंना खरोखरच एक जावई होता आणि खोटं तर त्या बोलणार नव्हत्या. "माझा जावई ट्रेन चालवतो," त्या म्हणाल्या.

बाबा सावकाश आईकडे वळले. "तू तर कंप्युटर म्हणाली."

"तो धाकटा. हा थोरला," आई म्हणाली. पापणीसुद्धा हलली नाही तिची.

पण बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. रेल्वेतला माणूस भेटला होता! गाड्या वेळेवर चालतात का, असं त्यांनी विचारलं. बाईंनी तक्रारींचं गाठोडंच सोडलं. पानगळ सुरू झाली की रुळांवर पानं पडतात, चाकं घसरतात आणि गाड्या लेट होतात.

"पानं पडली म्हणून गाडी लेट!" बाबांचा चेहरा खुलला. फोन ठेवल्यावर म्हणाले, "पाठवायले हरकत नाही. आपल्यासारखेच लोक हायत."

दुसऱ्याच दिवशी ते मला गोल बाजारात स्वेटर घ्यायला घेऊन गेले. दुकानदारानं घाम पुसत विचारलं, "भैया, मई में?" बाबा ताठ उभे राहून म्हणाले, "बेटी विदेश जा रही है. हमारे रिश्तेदार के यहाँ."

मी गेले. आणि तिथं गेल्यावर कळलं, की आपण बाबांना फसवलं नाही, त्यांना एक हेर मिळवून दिला. दर रविवारी बाबा आणि बाई माझ्याशिवाय बोलायचे. सोमवारी बाबांचा फोन यायचा, "सायकलले लाइट न लावता आली म्हणे?" कधी, "डब्यात नुसती ब्रेड नेऊन राहिली म्हणे?" रायपुरात माझा डबा त्यांनी कधी उघडून पाहिला नव्हता.

एकदा मला ताप आला. खालून बाबांचा आवाज यायला लागला, तेव्हा मला वाटलं भास होतोय. बाईंनी मोबाइल गॅसजवळ उभा केला होता आणि बाबा, ज्यांनी घरी कधी चहासुद्धा केला नव्हता, ते बाईंना खिचडी कशी करायची ते सांगत होते. मागून आई दुरुस्त्या करत होती. "हळद आधी म्हणा, हळद!" वर आली ती खिचडी पिवळी कमी, पांढरी जास्त होती, आणि बाईंनी स्वतःच्या अकलेनं तिच्यावर चीज किसलं होतं. मी सगळी खाल्ली. मग पांघरुणात तोंड खुपसून थोडी रडलेही.

परत आल्यावर वर्षभरात आमच्याच विभागातल्या एका मुलीची तिथं निवड झाली. ती रायपूरजवळच्या बीरगांवची, वडील कारखान्यात. त्यांनी साफ नकार दिला. हे ऐकून बाबांनीच स्कूटर काढली, मला मागे बसवलं.

मुलीचे वडील म्हणाले, "ठंड बहुत होगी."

नागपूरच्या पुढे कधी न गेलेले माझे बाबा तिथली थंडी, कालवे आणि सायकली यांवर बोलतच राहिले. शेवटी ते गृहस्थ म्हणाले, "वो सब ठीक है. बच्ची को रोज भात लगता है. मिलेगा?"

बाबांनी तिथल्या तिथं बाईंना फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला.

पावसाळा संपता संपता ती मुलगी गेली. परवा बाईंचा मला मेसेज आला. दोन्ही वडील हल्ली एकामागून एक फोन करतात, रविवारी दुपारी बाईंना झोपच मिळत नाही. बीरगांववाल्यांना जरा शनिवारी करायला सांगशील का?