आईच्या रडण्याचं गाणं

माझा भाऊ जिवंत कोंबडी खातो, ही बातमी आमच्या गावात ओतूरच्या बाजारातून आली. शेजारच्या काकूंनी डोक्यावरची पाटी खाली ठेवायच्या आत आईला विचारलं, की खरं का हे. आई म्हणाली, "कोंबडी अंगावर आली की ह्या भणीच्या मागं लपायचा त्यो. जिती कोंबडी धरायला तरी येती का त्याला?" काकूंना बहुतेक याहून भयंकर काहीतरी ऐकायचं होतं. त्या हिरमुसून घरी गेल्या.

तेव्हा भाऊ पुण्यात गायक म्हणून गाजायला लागला होता. गाजणं म्हणजे काय, तर निम्मे लोक डोक्यावर घ्यायचे आणि निम्मे चपला हातात घ्यायचे. तो हेवी मेटल गायचा. आयटीआय करून भोसरीच्या एका कंपनीत लागला, तिथे खोलीतल्या पोरांनी त्याला परदेशी कॅसेट ऐकवल्या आणि पोरगं कामातून गेलं. मी ओतूरला कॉलेजात असताना त्याने पहिल्यांदा मला ते ऐकवलं, तेव्हा मला वाटलं टेपने रीळ खाल्ली. मी कॅसेट काढून पेन्सिलीने गुंडाळायला घेतली. तो हसून हसून खाटेवरून पडला. मग म्हणाला, "नीट ऐक. ह्यो माणूस ओरडत न्हाई, रडतोय." मला काही तसं ऐकू आलं नाही. पण त्याला आलं होतं, आणि का आलं होतं ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

माझी आई तळेघरकडची. भात-नाचणीच्या डोंगरात चालून चालून पोटऱ्या घट्ट झालेली बाई. ती लग्न होऊन ओतूरजवळच्या आमच्या बागायती गावात आली आणि तिच्याबरोबर तिचं रडणंही आलं. आमच्याकडे मयताला बायका हेल काढून रडतात. त्यात नुसते हुंदके नसतात. गेलेल्याला नात्याने हाक मारायची, त्याचे गुण गायचे, त्याच्यामागे काय काय ओस पडलं ते ओळीओळीने सांगायचं आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज लांबवत खाली आणायचा. आई ते असं करायची, की गेलेल्याशी जन्मभर बांधाला बांध लावून भांडलेले लोकही तोंडाला उपरणं लावायचे. आजूबाजूच्या गावांतून निरोप यायचे. कुणी विचारलं, की एवढं कुठून सुचतं, तर ती म्हणायची, सुचत नाही, दिसतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आप्पा, म्हणजे आमचे वडील, काविळीने गेले. त्या दिवशी आई ज्या हेलाने रडली, तो मी इथे लिहिणार नाही. तो तिचा आहे. एवढंच सांगते, की त्यात आप्पांच्या पायताणापासून दारच्या शेवग्यापर्यंत सगळं आलं, भाऊ आला, मी आले. भाऊ भिंतीला टेकून ऐकत होता आणि त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. नातेवाईक त्यावरही बोलले. पोरगं दगड आहे म्हणाले.

पुढे कंपनीने केस कापायला सांगितले, याने कंपनीच सोडली. गळ्यापर्यंत केस, तोंडाला राख, अंगाला कोरं पांढरं कापड, अशा अवतारात तो स्टेजवर यायचा. कुणी म्हणालं राख स्मशानातली आहे. ती आमच्याच चुलीतली होती, मीच त्याला डब्यातून दिली होती. एका कॉलेजने ऐनवेळी कार्यक्रम बंद केला, एके ठिकाणी दगड आले, पेपरात 'सैतानाचा पुजारी' असं छापून आलं. सैतान आमच्या तालुक्यात कुणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे गावाने त्या जागी आपल्या ओळखीचं काय काय बसवलं. आईला मात्र एकच काळजी, की एवढ्याने ओरडून त्याच्या घशाला काय होत असेल. मी सुट्टीत त्याच्याकडे गेले, की ती माझ्याकडे ज्येष्ठमध बांधून द्यायची.

मग ते गाणं आलं.

दोन हजारच्या आसपासची गोष्ट. गावात एक लग्न होतं. लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. पुढे टेम्पोवर साउंड होता. पुण्यात कामाला असलेल्या पोरांना वाटलं, आपल्या गावच्या पोराची नवी सीडी लावावी, जरा अभिमान दाखवावा. मनाने वाईट नव्हती पोरं. ढोल सुरू झाले, गिटार किंचाळली, पोरं नाचायला लागली. आणि मग भावाचा आवाज आला, फाटलेला, पोटातून वर येणारा. म्हाताऱ्या बायकांना गिटार कळली नाही, पण हेल कळला. शब्दन् शब्द कळला. आप्पांच्या मयताला माझी आई जे रडली होती, ते नवरदेवाच्या घोड्यापुढे वाजत होतं.

नवरदेवाची आजी रस्त्यातच खाली बसली आणि तिने डोक्यावरून पदर ओढून घेतला. टेम्पो थांबला. आई पार शेवटी, करवल्यांच्या मागे, हातात तांदळाचं ताट घेऊन चालत होती. सगळ्या बायका वळून तिच्याकडे बघायला लागल्या. तिला ढणढणाटात काही उमगलं नव्हतं. एकीने तिला कानात सांगितलं. आईने ताट त्या बाईच्या हातात दिलं आणि पदर सावरत एकटी घरी आली.

भांडण कुणी केलं नाही. भांडण झालं असतं तर बरं होतं, ते मिटवता तरी आलं असतं. बायका फक्त तिला लग्नकार्याला बोलवताना अडखळायला लागल्या, आणि मयताला ती आली, की रडणाऱ्या गप्प व्हायच्या. हिच्यासमोर रडलं, तर उद्या तेही टेम्पोवर वाजेल, अशी धास्ती असावी. आईने त्यानंतर कुणासाठी हेल काढला नाही. एखाद्या मयताला जायची, कडेला बसायची, पायावर पाणी घेऊन परत यायची.

भाऊ त्याच आठवड्यात आला. आई अंगणात होती. तिने त्याला पायरी चढू दिली नाही.

"तुझ्या बापासाठी रडले व्हते मी," ती म्हणाली. "त्याच्यावं तू पोरं नाचवलीस. आता मी मेल्यावं ये."

मी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आले तोवर तो एसटीच्या रस्त्याला लागला होता. मी तांब्या घेऊन तशीच उभी राहिले.

माझं लग्न झालं, मी मंचरला आले. भाऊ दर भाऊबीजेला माझ्याकडे यायचा. माझ्या सासूबाई त्याचे केस बघून दरवर्षी नव्याने दचकायच्या आणि मग त्यालाच जास्तीचं श्रीखंड वाढायच्या. तो बंगळुरूला गाऊन आला होता, शिलाँगला गाऊन आला होता, पोरांनी त्याचं नाव दंडावर गोंदवून घेतलं होतं. हे सगळं तो दोन वाक्यांत उरकायचा आणि मग विचारायचा, "आई काय म्हणती?" मी म्हणायचे, बरी आहे. तिकडे आई विचारायची, "दिवाळीला पावणं आलं व्हतं का कोन?" मी म्हणायचे, आला होता. "जेवला का?" जेवला. त्या दोघांच्या मधोमध मंचर होतं आणि मंचरात मी होते. मला दोघंही एका ताटाभोवती बसलेले बघायचे होते. एवढीच हाव होती मला, आणि ती पुरी होईना. आई आपला शब्द गिळणारी नव्हती, आणि हा तिचा शब्द मोडणारा नव्हता. दोघंही एका मुशीतले. कधीकधी मला वाटायचं, की हे आता खरंच तिच्या मातीलाच भेटणार. या विचाराने मला भाकरी थापता थापता रडू यायचं.

मग त्याच्या गळ्यात गाठी निघाल्या. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, की सध्या एक अक्षर बोलायचं नाही, आणि पुढे बोलता येईल, पण तसं गाणं आता विसरा. मी आईला सांगायला गेले, तेव्हा ती सुपात नाचणी पाखडत होती.

"बोलत न्हाई?" तिने विचारलं. "हाक मारली तरी?"

"नाही."

तिने सूप बाजूला ठेवलं आणि सकाळची एसटी कधी आहे ते विचारलं. मी तिला तिच्या शब्दाची आठवण करून दिली. मला माझं तोंड आवरत नाही.

"त्याला येऊ नको म्हणले," आई म्हणाली. "मी जायची न्हाई, असं कुटं म्हणले व्हते?"

एवढी वर्षं हा रस्ता उघडा होता आणि आम्हा दोघा शिकलेल्या मुलांना तो दिसला नव्हता.

भोसरीला त्याने दार उघडलं. केस कापले होते, गळ्याला पट्टी होती. तो आईच्या पायाशी वाकला तो उठेचना. आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग ती घरात हिंडली. डबे उघडून बघितले, ओटा पुसला. भिंतीवर मोठ्या कवटीचं चित्र होतं. त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "ह्याला तरी जेवू घालत जा राव." भाऊ आवाज न काढता हसला, खांदे तेवढे हलले. मी पोळ्या केल्या. जेवताना मी दोघांकडे बघत राहिले आणि माझी भाजी तशीच राहिली.

जेवणं झाल्यावर आई जमिनीवर नीट बसली आणि म्हणाली, "लाव ते गाणं."

त्याने नको म्हणून मान हलवली. तिने पुन्हा सांगितलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की तिने ते कधी ऐकलंच नव्हतं. त्या परण्यात कानावर पडला होता तो गोंगाट, बाकी सगळं बायकांनी सांगितलेलं.

ढोल सुरू झाले तशी ती दचकली. मग त्याचा आवाज आला आणि तिने डोक्यावरून पदर घेतला, मयताला घेतात तसा. गाणं संपेपर्यंत ती हलली नाही. मीही पहिल्यांदाच नीट ऐकलं. तो ओरडत नव्हता. आप्पा गेले तेव्हा जे त्याच्या डोळ्यांतून आलं नाही, ते इथून येत होतं.

"माझं समदं घेतलंस," आई म्हणाली. "आप्पांचं घेतलंस, हिचं घेतलंस, शेवग्याचं बी घेतलंस. तुझं कडवं कुटंय?"

आप्पा गेले त्या दिवशी आईने भावासाठी एक कडवं रडलं होतं, पोरक्या झालेल्या लेकाचं. गाण्यात ते नव्हतं. भावाने गळ्यावर हात ठेवला आणि मान हलवली. तिला वाटलं ऑपरेशनचं सांगतोय. त्याने पुन्हा हात ठेवला, बोटं घट्ट मिटली, आणि मग आम्हाला दोघींना कळलं. ते त्याला तेव्हाही गाता आलं नव्हतं. गळा चांगला होता तेव्हाही.

आईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि हेल काढला. इतक्या वर्षांनी. आवाज आधी खरखरला, मग मोकळा झाला, आणि सोसायटीच्या जिन्यातून खाली उतरला. तिने त्याचं कडवं पूर्ण म्हटलं. मग त्याच्या हरपलेल्या आवाजाचं म्हटलं, ते नवं होतं. तो तिच्या लुगड्यात तोंड खुपसून रडत होता आणि त्याला रडण्याचाही आवाज काढायची परवानगी नव्हती.

दारावर थाप पडली. मी उघडलं. शेजारच्या फ्लॅटमधली बाई होती, तिच्यामागे आणखी तिघी-चौघी, एकीच्या कडेवर मूल. घाबऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, की कोण गेलं.

आईने तिथूनच मान वर केली आणि पदराने डोळे पुसले.

"गेलं न्हाई कोन," ती म्हणाली. "माझा ल्योक आलाय."