माळ उतरवून बसले ते दिवस

देवीनं मला बरं केलं, असं मी इतक्या जणींना छातीठोकपणे सांगत आले होते की त्या वाक्याची मला सवयच झाली होती. नळदुर्गात कुणाच्या घरी दुखणं आलं की मला बोलावणं यायचं. मी जायची, उशाशी बसायची आणि गळ्यातल्या कवड्यांच्या माळेला हात लावून सांगायची, आईवर सोडा, ती बघून घेते. मग वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी एका सकाळी न्हाणीत मला रक्त दिसलं, आणि आईवर काय सोडायचं, कसं सोडायचं, हे माझं मलाच कळेनासं झालं.

आधी तेरा वर्षं मागं जायला हवं. तेव्हा आम्ही अजून हैदराबाद राज्यात होतो. हे शाळेत मास्तर. निजामाच्या अमलात उर्दूतून गणित शिकवलेलं, त्यामुळं पोलीस ॲक्शननंतर मराठीतून शिकवू लागले तरी बेरीज-वजाबाकीला जमा-तफरीकच म्हणायचे आणि पोरं हसायची. त्या सुमाराला मला अधूनमधून रक्त जाऊ लागलं. बायकी दुखणं म्हणून मी ते बरेच दिवस अंगावर काढलं. शेवटी सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासून थेट मुंबईला पाठवलं. गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर आहे, असं तिथं कळलं. त्यांनी आत रेडियम ठेवलं, मग बाहेरून कितीतरी दिवस शेक दिला. शेक हा आमचा शब्द. डॉक्टर त्याला किरण म्हणायचे. त्या खोलीत मी एकटी आडवी पडायची, दार बंद व्हायचं, आणि मी डोळे मिटून तुळजाभवानीशी बोलायची. बरी होऊन घरी गेले तर तुळजापूरला येऊन ओटी भरीन, गळ्यात माळ घालीन, हातात परडी घेईन आणि अंगात बळ आहे तोवर दर मंगळवारी पाच घरी जोगवा मागीन, असं मी तिथं कबूल केलं. मी बरी झाले.

मास्तरांच्या बायकोनं दारोदार 'आईचा जोगवा' म्हणत हिंडायचं, हे यांना पचायला जड गेलं. पहिल्या मंगळवारी ते मुद्दाम शाळेतून उशिरा आले. नंतर सवय झाली. मला मात्र त्या फेरीची गोडी लागली. त्यात आणखी एक गोष्ट होती. शेकामुळं माझी पाळी कायमची थांबली होती. डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं, पण मी ती देवीची खास मेहरबानी समजत होते. आमच्याकडं बाई बाजूला बसली की माळ उतरवून खुंटीला लावावी लागते. परडीला शिवायचं नाही, देवापुढं जायचं नाही. आमच्या गल्लीतल्या माळ घातलेल्या बायकांचा महिन्यातला एखादा मंगळवार हमखास चुकायचा. माझा कधी चुकला नाही. याचा मला अभिमान होता आणि तो मी लपवतही नव्हते.

इस्पितळातून निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं की दर वर्षी दाखवायला या आणि मधे कधीही रक्त दिसलं तर ताबडतोब या. पहिली काही वर्षं मी गेले. मग एकदा तुळजापूरला जाऊन आईची ओटी भरली, पुरणावरणाचा नैवेद्य दाखवला, नवस फेडला आणि मुंबईला जाणं बंद केलं. नवस फिटल्यावर पुन्हा तपासायला जाणं म्हणजे देवीच्या कामात खोट काढणं, असं माझं म्हणणं होतं. यांनी एक-दोनदा आठवण केली. मी उडवून लावलं.

आता ती सकाळ. रक्त बघून माझ्या मनात पहिल्यांदा दुखण्याचाच विचार आला. मी तो दाबला आणि दुसरा, सोपा विचार धरला. कावळा शिवला. इतक्या वर्षांनी का होईना, पाळी परत आली. मी माळ उतरवली, खुंटीला अडकवली आणि मागच्या पडवीत घोंगडं टाकून बसले. सून सुमन चूल पेटवत होती, तिला म्हटलं, मला शिवू नकोस. ती गोंधळून बघत राहिली, पण सासूला असल्या बाबतीत कोण विचारणार? शेजारणीनं भिंतीवरून डोकावून मास्तरीणबाई पुन्हा तरुण झाल्या म्हणून थट्टा केली आणि मीही हसून घेतलं. हे तर पडवीच्या दिशेला नजरही टाकत नव्हते. बाजूला बसलेल्या बाईला पुरुषानं काही विचारायचं नसतं, ही रीत त्यांनी जन्मभर पाळली होती.

चार दिवसांनी नहाण करून मी माळ घातली. थोड्या दिवसांनी पुन्हा रक्त दिसलं, पुन्हा उतरवली. लघवीला जळजळ होत होती, ओटीपोट ठसठसत होतं. नवरात्रात घरात घट बसले आणि मी पडवीत बसले. आरतीचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू यायचा. बाजूला बसलेली बाई दिसली की सगळं घर तिच्याकडं पाठ करतं, त्यामुळं मी किती वाळत चालले आहे ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. मला मरणाची भीती वाटत होती. पण त्याहून मोठी भीती ही होती की, आईनं दिलेलं ती परत घेते आहे. माझ्या सेवेत कुठं चुकलं, कुठल्या मंगळवारी मी मन न लावता जोगवा मागितला, हे मी दिवसभर आठवत बसायची.

दसरा झाला आणि कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणारी माणसं सडकेनं दिसू लागली. आळंदकडची, हुमनाबादकडची कानडी माणसं आमच्या गावावरून जातात. आमचं घर सडकेलाच, त्यामुळं त्यांच्यासाठी ओट्यावर रांजण भरून ठेवायची आमची पद्धत. त्या दुपारी हे शाळेत होते आणि सुमन धुणं घेऊन नदीला गेली होती. रांजण रिकामा दिसला म्हणून एक म्हातारी भिंतीच्या कडेनं मागं पडवीपाशी आली. कपाळभर मळवट, अनवाणी पाय, टाचांना चिंध्या बांधलेल्या. तिनं पाणी मागितलं.

माझ्याजवळ तांब्या होता, पण तो माझा, बाजूला बसलेल्या बाईचा. मी म्हटलं, "मावशी, माझ्या हातचं तुमाला चालायचं न्हाय. मी बाजूला बसलीय. जरा थांबा, सून येईल."

ती गेली नाही. पडवीच्या कडेला टेकली आणि कानडी वळणाच्या मराठीत तिनं विचारलं, "किती वर्साची हाईस, तंगी?" तंगी म्हणजे धाकटी बहीण. मी वय सांगितलं. बंद कधी झालं होतं, हे तिनं विचारलं. तेही सांगितलं. एरवी मी अनोळखी बाईला असलं काही सांगितलं नसतं. पण रक्त दिसू लागल्यापासून मला कुणी काही विचारलंच नव्हतं.

म्हातारीनं माझ्याकडं नीट निरखून बघितलं. "तेरा वर्सानं कुठला कावळा शिवतोय? ही शिवाशिव न्हाय. दुकणं हाय हे. दवाखान्यात दाव."

मी म्हटलं, "आईनं एकदा बरं केलंय मला. आता पुन्हा कुठल्या तोंडानं मागू?"

"रोज मागायचं," ती म्हणाली. "आईकडं मागायला लाज कसली?"

मग तिनं हात पुढं करून माझा तांब्या उचलला आणि तोंड लावून पाणी प्यायली. देवीच्या वाटेवर निघालेली, पाय फुटलेले, उपाशी-तापाशी चालणारी बाई, आणि तिनं विटाळाचं पाणी घटाघटा पिऊन पदरानं तोंड पुसलं. आईचा उदो म्हणाली आणि पुढं गेलेल्या माणसांना गाठायला निघून गेली. मी तिचं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पुढच्या प्रत्येक कोजागिरीला मी सडकेवर उभी राहून बघते, ती पुन्हा दिसली नाही. सुमन म्हणते, ती आईच होती. हे म्हणतात, कुणी शहाणी बाई असेल. मी वाद घालत नाही. मला पाणी मागायला कुणीतरी आलं होतं, एवढं मला ठाऊक आहे.

संध्याकाळी हे अंगणात पाय धूत होते. मी पडवीतून उठले आणि सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. हे रक्त पाळीचं नाही आणि मला भीती वाटतेय, असं सांगितलं. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "सकाळच्या गाडीनं निघू."

मुंबईला त्याच इस्पितळात गेलो. जुने डॉक्टर तिथं नव्हते, एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी माझे जुने कागद काढून आणवले, तपासलं. पहिल्या दुखण्याची जागा स्वच्छ होती. रक्त तिथून येतच नव्हतं, ते लघवीच्या पिशवीतून येत होतं. दुर्बीण आत घालून बघितल्यावर तिथं एक लहान गाठ सापडली. तीही कॅन्सरचीच, पण जुन्याशी तिचा संबंध नव्हता. ही नवी होती. मी विचारलं, एकाच बाईला दोनदा कसा होतो?

"खात्रीनं कुणी सांगू शकणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तेव्हाच्या किरणांमुळं असू शकतं. किरण रोगाची जागा जाळतात, पण आजूबाजूलाही त्यांची झळ पोचते. मग पुष्कळ वर्षांनी एखादीला तिथं नवं दुखणं उभं राहतं. सगळ्यांना नाही, थोड्यांना. म्हणून तर तपासायला या म्हणत होते."

"मग तेव्हा शेक घेतला हेच चुकलं का?"

"तो घेतला नसता, तर हे विचारायला तुम्ही आज नसता," त्या म्हणाल्या आणि पुढच्या बाईला बोलावलं.

गाठ वेळेवर सापडली होती. ती त्यांनी दुर्बिणीतूनच विजेनं जाळली. त्रास झाला, पण सोसण्यासारखा. सोसवला नाही तो राग. कॉटवर पडल्या पडल्या मला देवीचा इतका राग आला की मी तिचं नाव घ्यायचं सोडलं. जिनं बरं केलं तिनंच त्या बरं करण्यात हे ठेवलं होतं? मग मी गावभर कसली ग्वाही देत फिरत होते? हे जेवणाचा डबा घेऊन यायचे, माळ आणलीय म्हणायचे, मी तोंड फिरवायची.

राग किती दिवस धरणार? पडून पडून मी विचार करू लागले. या तेरा वर्षांत मुलाचं लग्न झालं, नातू झाला, तो माझ्या परडीतलं पीठमीठ चाटत मोठा झाला. एरवी यातलं काहीच मला मिळायचं नव्हतं. मिळालं ते झळीसकट मिळालं, आणि झळ आहे हेही मला सांगून ठेवलं होतं. दर वर्षी या, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा ते बोलणं डॉक्टरांचं आणि शेक तेवढा देवीचा, अशी वाटणी मी केली होती. देवीनं केली नव्हती. सोयीचं तेवढं मी तिचं म्हटलं. नवस फेडला म्हणजे हिशेब मिटला, असं मी धरून चालले, आणि त्याच वेळी दर मंगळवारी परडी घेऊन लोकांच्या दारात उभी राहत होते. जोगवा एकदा मागून कधी संपतो का? मागच्या मंगळवारी वाढलं म्हणून या मंगळवारी कुणी मागायचं थांबत नाही. त्या म्हातारीनं मला एवढंच सांगितलं होतं आणि तेरा वर्षं ती गोष्ट हातात असून मला कळली नव्हती. मी यांच्याकडून माळ मागून घेतली आणि तिथंच, दवाखान्याच्या कॉटवर, गळ्यात घातली.

त्याला आता काही वर्षं झाली. ठरल्या वेळी मी मुंबईला जाते, दुर्बिणीची तपासणी करून येते. मागच्या खेपेला एक ठिपका दिसला, तो त्यांनी लगेच जाळला. पुन्हा दिसेलही. दुखणं आलेल्या घरी मी अजून जाते आणि आईवर सोडा, असंच सांगते. शेक घ्यावा का, असं कुणी विचारलं तर घ्यावा म्हणते. पण बरं वाटल्यावरही दाखवायला जात राहा, असं आता जोडीला सांगते, आणि घरच्यांना सांगते की बाजूला बसलेल्या बाईला विचारा, तिला काय होतंय. काही जणींना माझं हे बोलणं आवडत नाही. पूर्वीसारखं जोरात बोलत नाहीत मास्तरीणबाई, असं म्हणतात. खरं आहे ते.

आणि यांचं सांगायचं तर, जन्मभर ज्यांनी पडवीकडं बघितलं नाही, ते आता रोज सकाळी चहाची बशी खाली ठेवून, सुनेसमोर, नातवासमोर, शाळेत हजेरी घ्यायचे त्याच आवाजात विचारतात, "लघवी साफ झाली का?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा सुमन पदर तोंडाशी धरून आत पळाली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता कुणालाच काही वाटत नाही. मी झाली म्हणते, ते मान हलवतात आणि पेपर उघडतात. मग मी देवापुढं जाऊन बसते. आई, आजचं मिळालं. उद्याचं उद्या मागीन.