ओसरीवर वाचलेलं पत्र

देशमुखानं माझं पत्र ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं. खाली अंगणात माझा बाप उभा होता, शेजारी मी. मी नागपूरच्या कॉलेजातून सुट्टीला कालच आलो होतो. नांदुऱ्याला उतरून गावापर्यंत चालत. आठ दिवसांपूर्वी टाकलेलं पत्र माझ्या मागून आलं. महारवाड्याचं टपाल देशमुखाकडंच पडायचं. मला वाटायचं, शाळेचे मास्तर बापाला वाचून दाखवत असतील. कसला मूर्ख मी!

"झोप लागत नाही. पुस्तक उघडलं की हात कापतात. कधी कधी जगू नये वाटतं."

देशमुख हसला. "आयकलं काय? महाराच्या पोराले झोप येत नाई म्हंते!"

ओसरीवरचे पाहुणे हसले. बापही हसला. त्याला हसावंच लागलं. ते मला सगळ्यात जास्त झोंबलं.

वसतिगृहात माझं ताट वेगळं. वर्गात बाकावर मी एकटा. मन मोकळं करायचं कुणापाशी? महारवाड्यातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पास झालो तर सगळ्यांचा, नापास झालो तर एकट्याचा. म्हणून बापाला लिहिलं. ते इथं असं वाचलं जात होतं.

"कालेज पुरे झालं," देशमुख बापाला म्हणाला. "उद्यापासून महारकीले, गावच्या राबणुकीले धाड त्याले. मस्त झोप येईन."

मी म्हणालो, "ते पत्र माह्या बापाचं हाये. इकडं द्या."

"काऊन बे, तुहं पोरगं मले हुकूम सोडते?"

बापानं माझा दंड धरला. देशमुखानं पत्र वरूनच मातीत फेकलं. मी उचललं.

"मी महारकीले येणार नाई. आमचं टपाल इथं वाचू नका."

घरी आई रडली. "आता बलुत्याचं धान्य बंद होईन ना रे?"

"होईन," मी म्हणालो. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी बापाला दारात बसवून पाटी हातात दिली. "या वयात?" म्हणाला. पण बसला.

माझी भीती गेलेली नाही. नागपूरला परत गेलो की छाती पुन्हा धडधडेल. झोप लागली नाही तर लागली नाही असंच लिहीन, आणि ते बाप वाचेल. नापास झालो तर पुन्हा परीक्षेला बसेन. पण महारकी या घरात माझ्या बापापाशीच संपेल.