गोठ्यातला पिवळा बल्ब

सत्यशीला मॅडम धावड्याच्या शाळेत विज्ञान शिकवतात, मी मराठी. बॅटरी, बल्ब आणि तारा टेबलावर मांडून त्या पोरांना बजावतात, "एका वाटेशेजारी दुसरी वाट जोडली की प्रवाह वाढतो. बल्बकडं बघा, तो सगळं सांगतो."

मॅडमच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार. सासरे कडूबामामांनी गोठ्यात एकाच तारेवर बल्ब लावलेला. त्याचं दुसरं टोक गव्हाणीमागं जमिनीत गाडलेल्या लोखंडी सळईला. उन्हाळ्यात माती सुकली की बल्ब मिणमिणायचा. मग मामा सांजेला सळईच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतायचे आणि उजेड हळूहळू चढायचा. "सळईला हात लागला तर माणूस जाईल, मामा," म्हणून मॅडम भांडायच्या. म्हातारा नुसता हसायचा.

पौषात मामा झोपेतच गेले. मॅडम सळई उपटायला निघाल्या, तर सासू तुळजाबाई आडव्या आल्या. "त्यायच्या हातची हाय. राहू दे." एरवी हेडमास्तरांचंही न ऐकणाऱ्या बाईनं हे मात्र ऐकलं. मला तेव्हाच राग आला होता.

चैत्रात एका सांजेला मी आणि मॅडम त्यांच्या ओसरीवर पेपर तपासत होतो. समोर गोठ्यात बल्ब मिणमिणत होता. एकाएकी तो लख्ख झाला. आत कुणीच दिसत नव्हतं. बैल तेवढा कान टवकारून गव्हाणीमागं बघत होता.

"मामांनी पाणी घातलं वाटतं," माझ्या तोंडून निघून गेलं.

मॅडमची नजर बल्बवरून हलेना. "पाण्यानं हळूहळू चढतो. हा एकदम चढला, दुसरी वाट जोडली गेलीय. कुणीतरी सळईला चिकटलंय." आणि त्या धावल्या, गोठ्याकडं नव्हे, घरातल्या मेन स्विचकडं.

बल्ब विझला. अंधारात काहीतरी धपकन पडलं.

मोबाइलच्या उजेडात पाहिलं, तर गव्हाणीमागं तुळजाबाई पडलेल्या. मामांचा तांब्या बाजूला ठेवलेला, भरलेलाच. वाकताना आधाराला सळई धरली असावी. श्वास चालू होता. मॅडम रडत त्यांचा हात चोळत होत्या. तळव्यावर सळईचा काळा वळ उठला होता.

बऱ्याच वेळानं तुळजाबाईंनी डोळे उघडले. सून दिसताच त्यांचा चेहरा उतरला.

"त्यायनी हात घट्ट धरल्ता माहा," त्या म्हणाल्या. "तू कामून सोडवला?"