घंटेची चोरी आणि बाईंचा जबाब

नोकरीत खुनाचे तपास केले, दरोडे उघडकीस आणले. पण सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेतली घंटेची चोरी मला आजही सगळ्यात लख्ख आठवते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा नवा फौजदार होतो.

सोमवारी सकाळी शाळेची पितळी घंटा जागेवर नव्हती. मुख्याध्यापिकांच्या टेबलावर एक निनावी चिठ्ठी सापडली: ‘घंटा सेटलमेंटवालीनं नेली.’ सेटलमेंट म्हणजे इंग्रजांनी काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात डांबलं, ती वस्ती. कुंपण कधीच निघालं होतं, पण आमच्या डोक्यातलं नव्हतं. शाळेत त्या वस्तीतली एकच मुलगी होती, सातवीत. ठाण्याच्या रिवाजाप्रमाणे मी आधी तिच्या वडिलांना उचलून आणवलं, बाकावर बसवलं आणि हवालदाराला घेऊन शाळेत गेलो.

वर्गाच्या दारातच वर्गशिक्षिका बाईंनी मला अडवलं. ठेंगण्या, चष्मेवाल्या बाई. मुलीला बाहेर पाठवा, असं मी सांगितलं. त्यांनी चिठ्ठी मागून घेतली, नीट पाहिली आणि शांतपणे म्हणाल्या, “एकटीला नेऊ देणार नाही. विचारायचं तर सगळ्या वर्गाला विचारा. आणि आधी माझा जबाब घ्या.”

मला राग आला होता, पण चाळीस मुली बघत होत्या. बाई खुर्चीत ताठ बसल्या. शनिवारी त्या कुठे होत्या, शेवटी शाळेतून कोण गेलं, सगळं मी विचारलं आणि हवालदारानं लिहून घेतलं. मुलींना मजा वाटू लागली. मग एकेकीची पाळी आली. त्या मुलीपर्यंत पोचलो तेव्हा ती भ्यायची थांबली होती.

ती म्हणाली, “शनवारी घंटा फुटल्यागत वाजत हुती की. शिपाईमामा म्हनले, तांबटाकडनं झाळून आनतो.”

शिपाई रजेवर मोहोळला गेला होता. हवालदार सायकलीवरून तांबटाकडे गेला आणि अर्ध्या तासात घंटा घेऊन आला. चोरी झालीच नव्हती. मी टोपी उचलून निघणार, तर बाई म्हणाल्या, “थांबा साहेब, खरा गुन्हा अजून राहिलाय.”

त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. अक्षर कुणाचं आहे ते रोज वह्या तपासून आपल्याला ठाऊक आहे, नाव आपण घेणार नाही, पण जिनं लिहिलं तिनं या मुलीकडे बघून ते मोठ्यानं वाचावं, असं त्यांनी सांगितलं. मग पहिल्या बाकावरची एक उठली. दोन शब्द वाचले आणि रडू लागली. बाईंनी तिला मारलं नाही. त्यांनी वस्तीतल्या मुलीला विचारलं, तुला काय हवं?

“खो-खोत मला कुनी खो देत न्हाय, बाई. पाठीला हात लावावा लागतो म्हनून. तेवढा द्यावा.”

बाईंनी पुस्तक मिटलं, वर्ग मैदानावर नेला, पदर खोचला आणि स्वतः खो-खोच्या रांगेत बसल्या. तिच्या पाठीला हात लावून पहिला खो त्यांनी दिला, दुसरा त्या रडणाऱ्या मुलीनं. मग ही पोरगी अशी सुटली की बघता बघता तीन गडी बाद. आमचा हवालदार ड्युटी विसरून टाळ्या वाजवत होता. मीही.

ठाण्यात परतलो. वडील तसेच बसले होते. मी चहा मागवला आणि म्हणालो, “चूक माझी झाली. तुमच्या मुलीमुळे तपास लागला.”

त्यांनी कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत. म्हणाले, “साहेब, हितं आमाला लई येळा आनलं. चूक झाली असं म्हनून आज पयल्यांदा सोडताय.”

पुढे माझ्या ठाण्यात चोरीची कुठलीही तक्रार आली की वस्तीवर माणूस धाडण्याआधी मी एवढंच बघायचो: चोरी झाली तरी आहे का? आणि नव्या शिपायांना सांगायचो, जबाब कसा घ्यावा हे मला एका शाळेतल्या बाईंनी शिकवलं.