चवडा ब्रेकवर, टाच रेसवर

पायातली जोडवी न काढता मी घाट उतरायला जीपमध्ये बसले, आणि ती वाजू नयेत म्हणून बोटांना चिंधी गुंडाळली. मॅट्रिक झालेली सून म्हणून मला गावात मोठा मान होता. अक्कल ही एवढी.

आमचं घर कोयनानगरच्या वरच्या अंगाला. सासरे, म्हणजे मामंजी, फौजेत ड्रायव्हर, मग धरणाच्या कामावर. त्यांची जुनी जीप दारात होती, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. सासूबाईंना, आमच्या आत्याबाईंना, दमा. डॉक्टर कराडला, आणि एसटीच्या गर्दीत त्यांचा जीव कोंडायचा. नवरा सरहद्दीवर. त्या थंडीत लढाई पेटली होती. गाडी शिकायला घरात उरलं कोण, तर मी.

मामंजींनी मला आधी भूकंपात चिरलेल्या भिंतीपाशी पाटावर बसवलं, पुढ्यात दोन विटा मांडल्या. उतारावर ब्रेक सोडता येत नाही आणि रेस दिल्याशिवाय त्या म्हाताऱ्या जीपचा खालचा गिअर पडत नाही. म्हणून डावा पाय क्लचवर, आणि उजव्या एकट्यानं दोन्ही कामं करायची: चवडा ब्रेकवर दाबलेला, टाच रेसवर. मी दिवसभर विटा तुडवायची. सून गाडी शिकतीय का तमाशात जातीय, असं आत्याबाई खोकत खोकत विचारायच्या.

मग खरी गाडी. चपलेत अंदाज येत नाही म्हणून अनवाणी. मामंजी सुनेच्या पायांकडे बघायचे नाहीत, मान रस्त्याकडे वळवून आवाजावरून चुका सांगायचे. ब्रेकचं रबर झिजून गेलेलं, त्या लोखंडावर माझी जोडवी टिकटिक वाजायची. सासऱ्यानं सुनेला जोडव्यांचं कसं सांगावं? त्यांनी आत्याबाईंकरवी निरोप धाडला, पायातलं काढून बस म्हणावं, चवडा घसरतोय.

आत्याबाई म्हणाल्या, काढ, घरी आल्यावर घाल, कोण बघतंय. पण माझं धाडस तिथंच संपलं. नवरा गोळ्यांच्या तोंडी आणि मी हातानं जोडवी काढू? मी काढते म्हणाले आणि चिंधी बांधली. टिकटिक थांबली. मामंजी खूश झाले. मीही झाले, कारण मला वाटलं, मी नवऱ्याला राखतेय.

आत्याबाईंची धाप वाढली त्या सकाळी आम्ही तिघं निघालो. मामंजी मागे, त्या माझ्या शेजारी, उजव्या हातानं समोरची दांडी घट्ट धरून. पहिली दोन वळणं मी अशी उतरले की स्वतःचंच कौतुक वाटलं. तिसऱ्यावर घामानं ओल्या पायाची चिंधी गुळगुळीत ब्रेकवरून सटकली आणि सगळा भार टाचेवर, रेसवर आला. दरीत जायला नको म्हणून मी स्टिअरिंग डोंगराकडे ओढलं. जीप दरडीच्या कातळावर आदळली. दांडी वाकली ती आत्याबाईंच्या हातासकट.

हात वाचला, पण कोपरात कायमचा ताठ झाला. भाकरी थापणं सुटलं, वेणी मी घालायची. माझ्या पायाची सुटलेली चिंधी त्यांनी तिथंच पाहिली होती. मामंजींना त्यांनी सांगितलं, पोरीचा काय दोष, ब्रेकच झिजलेला. मामंजींनी जीप दुरुस्त करून ब्रेकला नवं रबर बसवून घेतलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तार आली. मी राखत होते तो राहिला नव्हता.

दिवसकार्य उरकलं. गावच्या बायका माझ्या भोवती बसल्या, जोडव्यांना हात लावायला कोणी धजेना. आत्याबाईंनी त्यांना बाहेर घालवलं. माझा पाय मांडीवर घेतला, खोबरेल चोळलं, आणि एका डाव्या हातानं, मध्ये मध्ये धाप टाकत, एकेक जोडवं फिरवून फिरवून काढलं. बराच वेळ लागला. दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो. शेवटचं निघालं तसं त्यांनी माझा पाय खाली ठेवला, पदरानं तेल पुसलं आणि म्हणाल्या,

"ऊठ आता. कराडला जायचं हाय न्हवं, ह्यो हात दावायला? तुज्या पायात आता काय न्हाई. नीट चालव."