सुंदराबाईचा पी.पी. नंबर

गावच्या शाळेत मास्तर सांगत, आदर्श ठेवायचा तर थोर माणसाचा ठेवा. मी सातवीपर्यंत ठेवला. पुढे भांडुपला आलो आणि पदरात पडली ती आमची शेजारीण सुंदराबाई. आता त्याला माझा काय इलाज?

साल त्र्याऐंशी. संपात गिरणी गेली ती गेलीच. मी घरी, आणि माझी बायको वनमाला पापड लाटून घर चालवत होती. मुलुंडच्या एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला माणसं हवी होती. वयाची अट चाळीस. मी अर्जात अडतीस लिहिलं, खरं वय त्रेचाळीस. फोन नंबर दिला सुंदराबाईचा, पुढे 'पी.पी.', म्हणजे शेजारचा फोन. तिचा नवरा टेलिफोन खात्यात होता, म्हणून अख्ख्या चाळीत तिच्याकडेच फोन. फोनच्या डबड्याला हे एवढं कुलूप, चावी कमरेला.

पंधरा दिवस मी घर सोडलं नाही. सोळाव्या दिवशी दाढीला साबण लावला आणि फोन वाजला. तसाच धावलो. बाई रिसीव्हर धरून आरामात बसलेली. मी हात पुढे केला, तर तिने मलाच गप्प राहायची खूण केली.

"होय, दत्ताराम ना? ओळखतंय. भिंतीक भिंत आमची. नाय हो, दारू नाय पियत. शिमग्याक जरा घेता."

"वहिनी, द्या इकडे!"

"माणूस गरीब. घोरता मात्र. काय? वय? अडतीस खय! माझ्या धाकट्या भावापेक्षा दोन महिन्यांनी मोठो. त्रेचाळीस पुरे झाले."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला.

साबण तोंडावर वाळत होता. "वहिनी, वाट लावलीत माझी! पोरांच्या तोंडचा घास काढलात!"

बाई माझ्यावरच उखडली. "मेल्या, अर्जात खोटा लिवलंस तर माका आधी सांगूक नको? मी पण अडतीसच सांगितला असता!"

घरी येऊन मी भिंतीकडे तोंड करून बसलो. त्या भिंतीपलीकडेही तीच. वनमाला म्हणाली, "निदान दाढी तरी पुरी करा."

दुसऱ्या दिवशी बाईने माझ्याकडून अर्जाची पोच मागून नेली. त्या पोचेवर कारखान्याचा नंबर होता. मासळी घेऊन आली की अकराच्या ठोक्याला ही फोन लावायची. "कालचीच बोलतंय. दत्तारामाचा काय झाला?" ते ठेवायचे, ही परत लावायची. मी हात जोडले, भांडलो, तिच्या दारात जाऊन अबोला धरला. काही उपयोग नाही. आता मुलुंडमध्ये कुठेच आपल्याला उभं करणार नाहीत, याची माझी खात्री झाली.

दहाव्या दिवशी तिकडूनच फोन आला, साहेबांनी बोलावलंय. गेलो. साहेबांसमोर माझा अर्ज होता.

"ही बाई तुमची कोण?"

"शेजारीण."

"नुसती शेजारीण?" साहेब माझ्याकडे बघतच राहिले. "आमचा टेलिफोन ऑपरेटर तिच्यापायी रजेवर जातो म्हणतोय. वय किती तुमचं?"

"त्रेचाळीस."

त्यांनी अडतीसवर काट मारली. "उद्यापासून या. आणि त्या बाईंना आजच्या आज कळवा."

पेढे घेऊन मी थेट सुंदराबाईच्या दारात गेलो. ती फोनवर होती. तिने मला थांबायची खूण केली. दारात चाळीतल्या कुंदाची आई आधीच उभी, कपाळाला हात लावून. कुंदाला बघून गेलेल्या मंडळींचा फोन होता.

"पोरगी गुणाची हा," बाई सांगत होती, "पण आमटीत मीठ जरा जास्त घालता."

मी पुडा सोडला आणि पहिला पेढा कुंदाच्या आईला दिला.